न विकलेल्या गोळ्यांचं ऋण

माझ्या वडिलांच्या दोन्ही किडन्या आज काम करतात, याचं श्रेय मी ज्यांना देते ते डॉक्टर नव्हते. सक्करदऱ्यात, बुधवार बाजाराच्या अंगाला, त्यांचं औषधाचं लहानसं दुकान होतं. सगळी वस्ती त्यांना काकाजी म्हणायची. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं फार्मासिस्टचं नोंदणीपत्र, काउंटरच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि गल्ल्याशेजारी एक जाडजूड रजिस्टर, असं ते दुकान मला अजून लख्ख आठवतं. काकाजींनी तुमच्या घराला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मला सांगावं लागतं की एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला औषध द्यायला साफ नकार दिला. आमच्या घरावर त्या नकाराचे उपकार आहेत.

बाबा मिस्त्री. उमरेड तालुक्यातल्या खेड्यातून ते तरुणपणी नागपूरला आले आणि सक्करदऱ्यात खोली करून राहिले. भोसल्यांच्या काळातला तलाव, पुढे उमरेड रोडवरचा ताजबाग आणि मधे मोकळी शेतं, असा तेव्हाचा हा भाग. माझ्या लहानपणी त्या शेतांवर ले-आउट पडत होते, एकामागून एक घरं उठत होती. त्यातल्या कितीतरी घरांच्या भिंती बाबांनी उचलल्या. विटा चढवणं, माल कालवणं, छताचं प्लास्टर करताना मान मागे टाकून तासन्‌तास हात वर धरणं, स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बूड न टेकवणं. संध्याकाळी कंबर आणि खांदे असे भरून यायचे की हातातला घास तोंडापर्यंत नेताना ते थांबायचे. मग दर्दाची गोळी. चहाच्या पैशात दोन गोळ्या कापून मिळायच्या आणि अर्ध्या-पाऊण तासात अंग हलकं व्हायचं. बाबांच्या बरोबरीचे बहुतेक मिस्त्री आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, हेच करत. सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, गोळी घेतली तर उद्याचा दिवस उभा राहतो. हा हिशेब त्यांच्यावर परिस्थितीने लादला होता, त्यात त्यांचा दोष नव्हता.

काकाजी या गोळ्यांचे वैरी मुळीच नव्हते. उलट त्यांच्याविषयी ते कौतुकाने बोलत. शरीरात दुखापत झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखणं जाणवतं. ॲस्पिरिनसारखी औषधं ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सगळी त्याच घराण्यातली. हे सगळं काकाजींनी मला काउंटरवर उभ्याउभ्या सांगितलं, मी दहावीत असताना. आणि लगेच पुढचं सांगितलं, ‘‘पण बेटा, ही द्रव्यं फक्त दुखवत नाहीत. पोटाच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून तीच वाचवतात. किडनीला रक्त कमी पडायला लागलं की तिच्या नळ्या तीच उघड्या ठेवतात. गोळीला काय माहीत कंबर कुठली आणि किडनी कुठली? ती सगळीकडेच बंद करते.’’

दर्दाच्या गोळीचे दुष्परिणाम मी नंतर पुस्तकांत वाचले, पण त्यांचं मूळ इतक्या सरळ शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. पोटात जखम का होते, रक्तदाब का वाढतो, पायावर सूज का येते, या सगळ्यांचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. ज्या कारणाने औषध लागू पडतं त्याच कारणाने ते बाधतं.

म्हणून काकाजींचे प्रश्न ठरलेले असत. दर्दाची गोळी मागणाऱ्या प्रत्येक माणसाला ते आधी विचारत: बीपी आहे का, शुगर आहे का, आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, उपाशीपोटी आहात का. वयस्क माणसाला काउंटरच्या कडेला घेऊन हळू आवाजात विचारत, संडास काळी, चिकट होते का? तशी होत असेल तर पोटात रक्त जातंय असं समजायचं, आणि ते माणूस दर्दाच्या गोळीचं गिऱ्हाईक नाही, सरळ गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीचं आहे. स्नायू सैल करणारी गोळी कुणी मागितली, टिझॅनिडिन किंवा तशी दुसरी, तर विचारत, ‘‘उद्या परांचीवर चढायचं आहे का?’’ कारण त्या गोळीने झोप येते, रक्तदाब खाली जातो, आणि दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर आलेली भोवंड जिवावर बेतते. आया लेकरांच्या तापासाठी निमेसुलाइडचं सिरप मागायला येत. काकाजी ते देत नसत. बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर सरकारने 2011 साली बंदी आणली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते देत नसत. 2004 साली रोफेकॉक्सिब या दर्दाच्या औषधाने हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून ते जगभरातून मागे घेतलं गेलं आणि आपल्याकडेही बंद झालं. तेव्हा काकाजींनी ज्यांना ज्यांना ते दिलं होतं त्यांची नावं रजिस्टरमधून काढली आणि घरोघर निरोप पाठवले. गल्ल्याशेजारचं ते रजिस्टर याच कामाचं होतं. उधारीची वही निराळी होती.

त्या रजिस्टरमध्ये बाबांचं एक पान होतं. त्यावर दोन नोंदी पक्क्या होत्या. दवाखान्यातून बाबांना बीपीची गोळी मिळाली होती, एनालाप्रिल. तिच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. दोन्ही रोजच्या, दोन्ही काकाजींकडूनच जायच्या. बाबांच्या दृष्टीने बीपीच्या गोळ्या आणि कंबरेची गोळी ही दोन वेगळी खाती होती. काकाजींच्या रजिस्टरमध्ये ती एकाच पानावर होती.

2007 चा मे महिना. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता. नागपूरचा नवतपा ज्यांनी कामावर काढला आहे त्यांनाच तो काय असतो ते कळतं. पारा पंचेचाळीसच्या आसपास, सळईला हात लावला की चटका, पाण्याची बाटली तासाभरात गरम. पावसाआधी स्लॅब टाकायचा म्हणून मालकांची घाई असते, त्यामुळे मिस्त्रीचं सगळ्यात जास्त काम नेमकं याच दिवसांत. अशाच एका संध्याकाळी मी दळण घेऊन परत येत होते आणि बाबा काकाजींच्या काउंटरवर उभे होते.

‘‘काकाजी, दोन गोळ्या द्या. कंबर पार मोडून राहिली.’’

काकाजींनी माठातलं पाणी काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ‘‘आधी हे प्या, मिस्त्री. आज लघवीला किती वेळा गेले?’’

बाबा संकोचले. ‘‘सकाळी गेलो होतो.’’

‘‘मग दिवसभर नाही? रंग कसा होता?’’

‘‘पिवळाजर्द. उन्हाचं होते ना तसं. तुम्ही गोळ्या द्या नं.’’

‘‘आज नाही देत. उद्याही नाही देत.’’

‘‘काहून? पैसे आहेत माझ्याजवळ.’’

‘‘पैशाची गोष्टच नाही, मिस्त्री. या दुकानातून तुम्हाला ही गोळी आता भेटणार नाही. एकदा रक्त तपासून आणा, मग बोलू.’’

चार माणसांसमोर नकार मिळाला, बाबांना तो झोंबला. ते काही न बोलता चौक ओलांडून दुसऱ्या दुकानात गेले आणि तिथून गोळ्या घेऊन घरी आले. रात्री दुकान बंद करून काकाजी आमच्या दारात. त्यांना आमच्या घरी त्याआधी कधी कुणी पाहिलं नव्हतं. आईने खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, ‘‘वहिनी, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या इथे आणा.’’ आणि मला जवळ बसवलं.

त्या रात्री त्यांनी मला औषधाचं पाकीट वाचायला शिकवलं. मोठ्या, रंगीत अक्षरांत असायचं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते पाहायचं नाही. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं ते औषध. ते वाचायचं, त्याच्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा वाचायचा आणि शेवटी तारीख. मी एकेक पाकीट उजेडात धरून वाचत गेले. एक पाकीट लाल, एक हिरवं. दोन्हींची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. बाबा लाल गोळी कंबरेसाठी घेत आणि हिरवी खांद्यासाठी. बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच नाव होतं: डायक्लोफिनॅक सोडियम, 50 मिलिग्रॅम. हिरव्यात त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल आणि क्लोरझॉक्साझोन होतं, एवढाच फरक. म्हणजे बाबा दुप्पट डोस घेत होते आणि घरात कुणालाही, खुद्द त्यांनाही, ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

मग त्यांनी बाबांना समजावलं. सक्करदऱ्यातल्या माणसाला नळाचा दाब वेगळा समजवावा लागत नाही, म्हणून त्यांनी नळच घेतला. किडनी रक्त गाळते ते दाबावर. दिवसभर घाम गेला आणि पाणी कमी पडलं, दाब उतरला. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आणखी काढलं, दाब आणखी उतरला. अशा वेळी किडनी स्वतःची आत येणारी नळी मोठी करते आणि बाहेर जाणारी आवळते, म्हणजे आतला दाब टिकून राहतो. दर्दाची गोळी आत येणारी नळी मोठी होऊ देत नाही. बीपीची गोळी बाहेर जाणारी आवळू देत नाही. एकेक गोळी आपल्या जागी ठीक आहे, पण तिन्ही एकत्र, त्यात नवतपा, आणि किडनीकडे स्वतःला वाचवायला काही उरत नाही. ‘‘आणि ती दुखत नाही, मिस्त्री,’’ काकाजी म्हणाले. ‘‘कंबर ओरडते म्हणून तुम्ही तिचं ऐकता. किडनी ओरडत नाही.’’

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून बाबा मेडिकलला गेले. गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजला नागपुरात सगळे मेडिकलच म्हणतात. ओपीडीची चिठ्ठी, रांग, रक्त, लघवी, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. किडनीचं काम कळतं ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून; पुरुषांमध्ये ते साधारण 1.3 च्या आत असायला हवं. बाबांचं तीनच्या घरात होतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते दर्दाच्या सगळ्या गोळ्या बंद करण्याचं. बीपीची औषधं बदलली, सलाइन लावलं, पाणी किती प्यायचं ते लिहून दिलं. आठवड्याभराने आकडा उतरायला लागला, पावसाळा सरेपर्यंत दीडच्या खाली आला. तिथल्या एका डॉक्टरांनी आईला सांगितलं की अजून काही आठवडे असंच चाललं असतं तर गोष्ट डायलिसिसपर्यंत गेली असती.

पण कंबर तर दुखतच होती. आणि बाबांच्या मनातून गोळीचा विश्वास जाईना. इतकी वर्षं जिने उभं ठेवलं ती वैरीण कशी? या प्रश्नाचं उत्तर काकाजींनी दिलं ते गिधाडांच्या गोष्टीने.

बाबांच्या गावी मेलेली ढोरं टाकायची जागा होती. लहानपणी तिथे झाडं भरून गिधाडं बसलेली त्यांनी पाहिली होती. बैल टाकला की दिवसाभरात हाडं उरत. मग गिधाडं दिसेनाशी झाली आणि त्या जागेवर कुत्री वाढली. ती का गेली हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. काकाजींनी वर्तमानपत्रातलं कात्रण जपून ठेवलं होतं. दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या ढोरांना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. ते ढोर मेलं की मांसाबरोबर औषध गिधाडांच्या पोटात जायचं. त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या, युरिक ॲसिडचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचायचे आणि काही दिवसांत पक्षी मरायचे. 2004 साली शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं, तोवर भारतातली बहुतेक गिधाडं संपली होती. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. माणसांसाठीचं इंजेक्शन मोठ्या बाटलीत मिळायचं, ते ढोरांना वापरलं जायचं, म्हणून पुढे 2015 मध्ये त्याची बाटली 3 मिलिलिटरच्या वर नसावी असा नियम झाला.

काकाजींची ही गोष्ट ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्या गावची गिधाडं याच गोळीनं गेली?’’ काकाजी म्हणाले, ‘‘याच औषधानं. माणूस गिधाडापेक्षा पुष्कळ सोसतो, पण सोसण्यालाही हद्द असते.’’ त्यानंतर बाबांनी ती गोळी कधी मागितली नाही. 2024 साली पेंच आणि ताडोबात पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून गिधाडं आणल्याची बातमी आली, तेव्हा ती मला वाचून दाखवायला लावली आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

नकार देऊन काकाजी मोकळे झाले नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोळी काढून घेतली तर तिच्या जागी काय, याची जबाबदारी त्यांनी घेतली. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल ठेवलं, तेही मोजून. धडधाकट माणसालाही चोवीस तासांत 4 ग्रॅम म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या ही शेवटची मर्यादा, दारू पिणाऱ्याला त्याहून कितीतरी कमी, कारण ते लिव्हरवर जातं, हे बजावून सांगितलं. मेडिकलच्या फिजिओथेरपी विभागात बाबांना कंबरेचे आणि पोटाचे व्यायाम शिकवले गेले. ओझं उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसायचं हे वयाच्या पन्नाशीत ते नव्याने शिकले. शेक आणि मालिशसाठी काकाजींनी राजे रघुजीनगरातल्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयाचा रस्ता दाखवला. तिथल्या वैद्यांनी तेल लावून नाडीस्वेद दिला, घरी निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. या सगळ्याला जोर लागला, आणि वेळही. पण दोन-तीन महिन्यांनी बाबा छताच्या प्लास्टरचं काम सोडून इतर सगळी कामं करायला लागले.

आयुर्वेद रुग्णालयात पाठवणारे हेच काकाजी ‘वातावरच्या पुड्यां’चे मात्र कट्टर विरोधक होते. आमच्या गल्लीतल्या एक काकू गुडघ्यासाठी बाजारातल्या कुण्या फिरत्या माणसाकडून पुड्या घेत. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, पुढे भूक वाढली, चेहरा भरला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. काकाजींनी त्यांचा गोल झालेला चेहरा पाहिला आणि विचारलं, शुगर तपासली का? ती चढलेली निघाली. कुठलीही जडीबुटी दोन दिवसांत अशी जादू करत नाही, करतं ते त्यात मिसळलेलं स्टिरॉइड, असं ते म्हणत. पण त्यांनी काकूंना पुडी फेकून द्यायला सांगितलं नाही. ‘‘एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असते. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील.’’ कधी थांबवायचं आणि कधी एकदम थांबवायचं नाही, दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

डायक्लोफिनॅक हे शेड्यूल एच मधलं औषध, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा कायदाच आहे. काकाजी कायदा पाळत होते, असंही कुणी म्हणेल. पण नवतप्यात, चौकात चारी बाजूंना तीच गोळी सहज मिळत असताना, संध्याकाळच्या गर्दीत रोजच्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं म्हणजे काय, हे दुकानदारालाच ठाऊक. मी एकदा त्यांना विचारलं होतं, गिऱ्हाईक तुटत नाही का? ते म्हणाले, ‘‘तुटते ना. पण माझ्या दुकानातली गोळी घेऊन ज्याची किडनी जाते, तो पण कायमचाच तुटते.’’

काकाजी गेले त्याला काही वर्षं झाली. बाबा सत्तरीत आहेत. बीपी आहे, दर सहा महिन्यांनी आम्ही क्रिएटिनिन तपासतो, उन्हाळ्यात लघवीचा रंग पाहायची त्यांना सवय आहे आणि सक्करदऱ्यातल्या नव्या पोरांना, जी आता तशीच कामं करतात, ते पाणी प्यायला लावतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी नववीच्या वर्गाला घरातल्या औषधांची रिकामी पाकिटं आणायला सांगते. आम्ही कंपनीची नावं झाकतो आणि औषधाची नावं वाचतो. दरवर्षी कुणाच्या तरी आजीच्या, कुणाच्या तरी वडिलांच्या पाकिटांत एकच औषध दोन रंगांत सापडतं, आणि ते मूल त्या दिवशी धावत घरी जातं. काकाजींनी एका रात्री एका मुलीला शिकवलं, ते आता इतक्या घरांत पोचलं आहे. त्या मुलांना मी शेवटी एकच सांगते: औषधाच्या दुकानात ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा, आणि कारण सांगून ‘नाही’ म्हणणारा दुकानदार सापडला, तर त्याच्याच दुकानात पुन्हा जा.